अशिलाची माहिती हाताळताना: वकिलांच्या फर्ममध्ये नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

वकिलांच्या फर्ममध्ये तुम्ही ज्युनिअर म्हणून या, कारकून म्हणून या किंवा स्वागतकक्षात बसायला या. माणसाने सख्ख्या भावालाही दाखवले नसतील असे कागद पहिल्या आठवड्यातच तुमच्या हातात पडतात. बँकेचे उतारे, मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी, मृत्युपत्राचा कच्चा मसुदा, घटस्फोटाच्या अर्जातले आरोप. अशी एखादी फाईल नीट चाळून बघा. तिच्यात अशिलाची माहिती थोडी आणि इतरांची जास्त असते. जोडीदाराची, मुलांची, धंद्यातल्या भागीदाराची, साक्षीदाराची, कंपनीतल्या सत्तर-ऐंशी कर्मचाऱ्यांच्या पगाराची. यांपैकी कोणीही तुमच्या फर्मला वकीलपत्र दिलेले नाही. आपले नाव या कपाटात आहे, हे बहुतेकांना ठाऊकही नसते. नव्या माणसाला मला सगळ्यात आधी हेच सांगायचे असते, कारण पुढच्या बहुतेक पायऱ्या याच जाणिवेतून निघतात.

आधी दोन जबाबदाऱ्या वेगळ्या ओळखा

पहिली जबाबदारी व्यावसायिक गोपनीयतेची. अशिलाने वकिलाला कामाच्या निमित्ताने जे सांगितले, ते त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ द्यायचे नाही. भारतात ही तरतूद पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. हे बंधन वकिलाच्या कारकुनाला, कर्मचाऱ्याला आणि दुभाष्यालाही लागू आहे, आणि काम संपल्यावरही ते संपत नाही. त्याला अपवाद आहेत. बेकायदा हेतू साधण्यासाठी केलेल्या बोलण्याला हे संरक्षण नाही. काम सुरू झाल्यानंतर गुन्हा किंवा लबाडी घडल्याचे वकिलाच्या लक्षात आले, तर त्यालाही नाही. पण एखादी गोष्ट अपवादात बसते की नाही हे नव्या माणसाने ठरवायचे नसते. शंका आली की थेट सीनियरकडे जायचे.

दुसरी जबाबदारी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाची, आणि ती अशिलापुरती नाही. प्रतिपक्षाचा पत्ता, साक्षीदाराचा फोन नंबर, शेजाऱ्याचा आजार हे सगळे तिच्यात येते. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा लागू आहे. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत.

इथे एक गैरसमज फार पसरलेला दिसतो: ‘आपण वकील, आपल्याला सूट आहे.’ सूट आहे, पण अर्धीच. कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी माहिती वापरणे आवश्यक असेल, तर भारतीय अधिनियमाच्या कलम १७ नुसार संमतीसारख्या बऱ्याच अटी लागू होत नाहीत. ते बरोबरच आहे, कारण ज्याच्यावर दावा लावायचा त्याची परवानगी कोण मागत बसणार? पण माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी उपाय योजण्याचे बंधन त्याच कलमाने कायम ठेवले आहे. माहिती वापरण्याची मोकळीक मिळते, हलगर्जीपणाची मिळत नाही.

पहिली पायरी: पहिल्या फोनवर कमीत कमी ऐका

नवा माणूस इथेच अडखळतो, कारण त्याला समोरच्याला धीर द्यायचा असतो आणि धीर देणे म्हणजे सगळे ऐकून घेणे, असे त्याला वाटते. पण फोन करणारा अजून अशील झालेला नाही. त्याचा प्रतिपक्ष तुमच्याच फर्मचा जुना अशील असू शकतो. तसे निघाले आणि तोवर तुम्ही सगळी कहाणी ऐकून बसला असाल, तर फर्मला दोन्ही प्रकरणे सोडण्याची वेळ येऊ शकते.

म्हणून संभाषण साधारण असे चालवा.

“मॅडम, मला आधी सगळं सांगू द्या, तेव्हाच तुम्हाला कळेल.”

“सगळं ऐकायचंच आहे आम्हाला. पण वकीलसाहेबांची भेट ठरवण्याआधी फक्त तीन गोष्टी सांगा. तुमचं पूर्ण नाव, समोर कोण आहे त्यांचं नाव, आणि प्रकरण कशाचं आहे ते एका शब्दात. घर, नोकरी, पैसे, लग्न, असं काहीही.”

“एवढंच?”

“आज एवढंच. बाकीचं तुम्ही वकीलसाहेबांनाच सांगावं, हे तुमच्याच हिताचं आहे.”

ही नावे हितसंबंधांच्या नोंदवहीत, म्हणजे फर्मच्या जुन्या-नव्या अशिलांच्या आणि प्रतिपक्षांच्या यादीत, तपासायची आणि सीनियरची परवानगी आली की भेट द्यायची. प्रकरण घेतले नाही, तर नावे आणि नकाराची तारीख एवढीच नोंद ठेवायची. त्या माणसाने उत्साहाने पाठवून दिलेले कागद परत करायचे किंवा नष्ट करायचे आणि तसे त्याला कळवायचे. न घेतलेल्या प्रकरणांचे कागद वर्षानुवर्षे मेलमध्ये पडून राहतात, आणि ते आपल्याकडे आहेत हे फर्मलाही आठवत नाही.

दुसरी पायरी: कागद घेताना, आणि त्याहून आधी पत्ता घेताना

कोणते कागद हवेत याची यादी प्रकरणानुसार सीनियरकडून घ्या आणि तेवढेच मागा. ‘असतील ते सगळे घेऊन या’ हे वाक्य तोंडातून काढायचे नाही. तसे म्हटले की माणूस खरेच सगळे घेऊन येतो आणि ते सांभाळायची जबाबदारी तुमच्यावर पडते. प्रतीने भागत असेल तर मूळ कागद ठेवून घेऊ नका. ठेवलाच तर पोच द्या, पोचेवर कागदाचे वर्णन आणि तारीख लिहा. कोणी मेलचा किंवा बँकेचा पासवर्ड देऊ लागला तर नम्रपणे थांबवा. तो आपल्याला कधीच नको असतो.

कागद फोनवर फोटोच्या रूपात आले, तर ते फर्मच्या यंत्रणेत चढवून फोनमधून काढून टाका. बऱ्याच फोनमध्ये गॅलरीची प्रत आपोआप क्लाउडवर जाते. अशिलाच्या वैद्यकीय अहवालाचा फोटो घरच्या टॅबलेटवर, सहलीच्या फोटोंच्या शेजारी दिसू लागतो तो असा.

आता पत्त्याचे. फॉर्मवरची ही जागा बहुतेक जण घाईत भरतात, आणि माझ्या मते सगळ्या फॉर्ममध्ये तीच सर्वांत महत्त्वाची असते. अशिलाला नुसते ‘पत्ता आणि फोन सांगा’ म्हणू नका. पुढचे प्रश्न एकेक करून विचारा. या नंबरवर आम्ही फोन केला तर उचलणारे दुसरे कोणी असते का? फोन लागला नाही तर निरोप ठेवलेला चालेल का? मेल तुमच्याशिवाय कोणी उघडते का? घरी टपालाने पाकीट आले तर चालेल का, आणि त्यावर फर्मचे नाव असलेले चालेल का? फोनच्या पडद्यावर संदेशाचा मजकूर कोणाला दिसू शकतो का?

घरातल्या छळाविरुद्ध सल्ला घ्यायला आलेल्या बाईच्या घरी फर्मच्या शिक्क्याचे पाकीट पोचले, तर त्याचे परिणाम काय होतील ते वेगळे सांगायला नको. नोकरी करत असताना मालकाविरुद्ध सल्ला घेणारा माणूस ऑफिसचाच मेल देऊन मोकळा होतो. तो मेल मालकाच्या सर्व्हरवर आहे, हे त्याच्या ध्यानीमनी नसते. ते तुम्ही त्याच्या लक्षात आणून द्यायचे. उत्तरे फाईलच्या पहिल्या पानावर, सगळ्यांना दिसतील अशी लिहा: ‘फक्त दुपारी १ ते २ फोन. निरोप ठेवू नये. टपाल नाही.’

याच भेटीत माहितीबद्दलची सूचना द्यायची असते. आम्ही काय घेतो, कशासाठी, कोणाकोणाला द्यावे लागेल, किती काळ ठेवू आणि तक्रार असेल तर कोणाशी बोलायचे. छापील कागद सरकवून सही घेऊ नका. दोन मिनिटे काढून तोंडी सांगा. विशेषतः हे सांगा की न्यायालयात दाखल झालेला कागद प्रतिपक्षाच्या हातात जातोच. पुष्कळ अशिलांना ते माहीत नसते आणि कळल्यावर धक्का बसतो.

तिसरी पायरी: फाईल उघडणे आणि तिला कुलूप लावणे

प्रत्येक प्रकरणाला क्रमांक द्या. फाईलच्या पुठ्ठ्यावर, संगणकावरच्या फोल्डरवर आणि दिनदर्शिकेतल्या नोंदीवर तो क्रमांकच दिसू दे. कपाटावरून सहज नजर फिरवणाऱ्याला कोणाचा घटस्फोट चालू आहे ते कळता कामा नये. फाईल फर्ममधल्या सगळ्यांना उघडता येत असेल, तर ते सोयीचे असले तरी चूक आहे. त्या प्रकरणावर काम करणाऱ्यांनाच ती उघडता यायला हवी. आपल्याला गरज नसलेली फाईल केवळ कुतूहलापोटी उघडणे हा बऱ्याच फर्ममध्ये शिस्तभंग मानला जातो, आणि कोणी कधी काय उघडले याची नोंद यंत्रणेत राहते.

दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा कोड किंवा ॲपमधली मंजुरी, याचा कंटाळा करू नका. तो कंटाळा किती महागात पडतो याचे उदाहरण ब्रिटनमधले आहे. टकर्स सॉलिसिटर्स या फर्मवर ऑगस्ट २०२० मध्ये खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. ९,७२,१९१ फाइल्स कुलूपबंद झाल्या आणि न्यायालयीन कागदांचे ६० गठ्ठे चोरून इंटरनेटच्या काळ्या बाजारात टाकले गेले. २०२२ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी फर्मला ९८,००० पौंडांचा दंड केला. बाहेरून यंत्रणेत शिरताना दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नव्हती, सुरक्षेची दुरुस्ती उशिरा बसवली गेली आणि साठवलेले कागद सांकेतिक रूपात बंद केलेले नव्हते, हे त्या आदेशातले मुख्य मुद्दे. आणखीही एक मुद्दा होता, त्याच्याकडे शेवटी येतो.

चौथी पायरी: रोजचे बोलणे

संगणकाला कितीही कुलपे लावली तरी तोंडाचे कुलूप ज्याचे त्यानेच लावायचे असते. २०१३ मध्ये लंडनच्या एका फर्ममधल्या भागीदार वकिलाने, एक जगप्रसिद्ध लेखिका टोपणनावाने लिहिते आहे, ही गोष्ट पत्नीच्या मैत्रिणीला विश्वासाने सांगितली. मैत्रिणीने ती ट्विटरवर एकाला सांगितली आणि ती वृत्तपत्रापर्यंत पोचली. नियामक संस्थेने वकिलाला १,००० पौंडांचा दंड केला आणि फर्मला जाहीर माफी मागावी लागली. त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता, आणि म्हणूनच हे उदाहरण मी सांगतो.

लिफ्टमध्ये, न्यायालयाच्या आवारात, कँटीनमध्ये प्रकरणावर बोलायचे नाही. ‘नाव न घेता’ सांगणे हीसुद्धा पळवाट नाही. गाव, धंदा आणि भांडणाचे कारण कळले की ऐकणारा बरोबर ओळखतो. स्वागतकक्षात बसलेल्या अशिलासमोर दुसऱ्याला नावाने हाक मारून प्रकरणाचा उल्लेख करू नका. टेबलावरचा कागद उठताना पालथा ठेवा, पडद्याला कुलूप लावा. घरी नेलेल्या फाईलला घरातलेही परकेच, हे एकदा मनाशी ठरवून टाका.

पाचवी पायरी: कागद बाहेर पाठवताना

मोठ्या चोऱ्यांच्या बातम्या होतात, पण रोजची गळती होते ती ‘पाठवा’ हे बटण दाबताना. मेलमध्ये पहिली दोन अक्षरे टंकली की यंत्रणा नाव सुचवते, आणि अशिलाऐवजी त्याच आडनावाच्या प्रतिपक्षाला मेल जातो. माझा आग्रह असा की आधी मजकूर लिहा, मग जोडपत्र लावा, ते उघडून बघा, आणि पत्ता सर्वांत शेवटी टाका. पत्ताच नसेल तर अर्धवट मेल चुकून जाणार नाही. अनेक जणांना एकच पत्र पाठवायचे असेल तर पत्ते बीसीसीमध्ये, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही अशा रकान्यात. संवेदनशील जोडपत्राला पासवर्ड लावा आणि तो पासवर्ड फोनवर सांगा, त्याच मेलमध्ये लिहू नका.

माहिती झाकायची असेल तर विशेष सांभाळा. पीडीएफमधल्या ओळीवर काळी पट्टी काढली म्हणजे खालची अक्षरे गेली असे नाही. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचाराचे माजी प्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी दाखल केलेल्या कागदात असेच झाले. पत्रकारांनी काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर निवडला, दुसरीकडे चिकटवला आणि वाचला. म्हणून मजकूर कायमचा काढून टाकणारे साधन वापरा. नंतर ती फाइल नव्याने उघडून झाकलेल्या जागेवरची अक्षरे निवडून, शोधून बघा. वर्डच्या फाइलमध्ये जुन्या दुरुस्त्या, शेरे आणि लेखकाचे नाव लपून राहते. मसुदा बाहेर पाठवण्यापूर्वी ते साफ करा.

काही नावे झाकणे हा ऐच्छिक भाग नसतोच. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे कलम २३ मनाई करते. अशा प्रकरणात निव्वळ नाव झाकून भागत नाही. शाळा, गल्ली, वडिलांचे नाव यांवरूनही ओळख पटते.

बाहेरची मंडळी

भाषांतरकार, टंकलेखक, झेरॉक्सवाला, संगणक दुरुस्त करणारा, क्लाउड पुरवणारी कंपनी. यांच्यापैकी कोणाकडेही कागद देण्याआधी फर्मचा त्यांच्याशी गोपनीयतेचा लेखी करार आहे का, हे विचारा. नसेल तर काम थांबू दे. सार्वजनिक चॅटबॉटमध्ये अशिलाचा मसुदा चिकटवून ‘जरा नीट करून दे’ म्हणणे हेसुद्धा कागद बाहेर देणेच आहे. फर्मने तपासून मंजूर केलेले साधन असेल तेच वापरा, आणि त्यातही काम भागेल तेवढाच मजकूर टाका.

माहिती कोणी मागितली तर

अशिलाला त्याच्या प्रकरणाची माहिती मिळायलाच हवी. पण फोनवर ‘मी त्यांचा मुलगा बोलतोय’ म्हणणाऱ्याला नाही. तो खरोखर मुलगा असला तरीही नाही. आधी अशिलाची लेखी परवानगी हवी. कितीही ओळखीचा आवाज असला तरी नोंदवलेल्या नंबरवर आपण परत फोन करायचा. प्रतिपक्षाने ‘माझी तुमच्याकडे काय माहिती आहे ते द्या’ किंवा ‘ती पुसून टाका’ अशी मागणी केली, तर स्वतः उत्तर देऊ नका आणि दुर्लक्षही करू नका. अर्जावर आल्याची तारीख टाकून तो त्याच दिवशी सीनियरकडे द्या. दाव्यासाठी लागणारी माहिती पुसण्याचे बंधन जीडीपीआरखाली नाही, पण मुदतीत उत्तर देण्याचे आहे. पोलीस किंवा एखादे सरकारी खाते कागद मागायला आले तरी तेच: आदर ठेवा, लेखी आदेशाची प्रत घ्या, आणि सीनियर येईपर्यंत काही हाती देऊ नका.

चूक झाली तर पहिल्या तासात काय करायचे

चुकीच्या माणसाला मेल गेला, पेनड्राइव्ह हरवला, संशयास्पद लिंकवर क्लिक झाले. पहिली इच्छा होते ती गुपचूप निस्तरायची. तसे करू नका. ज्याच्यावर फर्मने ही जबाबदारी सोपवली आहे त्याला लगेच सांगा, कारण मुदती तासांत मोजल्या जातात. जीडीपीआरखाली, लोकांना धोका संभवत असेल तर, गळती लक्षात आल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवायचे असते. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना ६ तासांत कळवाव्या लागतात. तुम्ही दुपारभर घाबरून गप्प बसलात तर त्यातले निम्म्याहून जास्त तास तिथेच गेले. बाधित लोकांना केव्हा आणि काय सांगायचे ते वरिष्ठ ठरवतील. तुम्ही काय, कधी, कोणाला गेले ते लिहून द्या आणि पुरावा पुसू नका.

चुकून गेलेला मेल ‘कृपया दुर्लक्ष करावे’ एवढे लिहून परत येत नाही. २०२२ मध्ये टेक्सासमधल्या एका गाजलेल्या मानहानीच्या खटल्यात प्रतिवादीच्या वकिलांकडून अशिलाच्या फोनमधला डेटा समोरच्या वकिलांना गेला. त्यांनी प्रामाणिकपणे ते कळवलेही. उत्तरात दुर्लक्ष करण्याची विनंती आली, पण कोणते कागद गोपनीय आहेत हे नियमातल्या दहा दिवसांच्या मुदतीत नेमके सांगितले गेले नाही. त्या फोनमधले संदेश उलटतपासणीत प्रतिवादीसमोरच वाचले गेले. उलट बाजूने, प्रतिपक्षाचा कागद चुकून तुमच्याकडे आला तर पुढे वाचू नका, कोणाला पाठवू नका, सीनियरला दाखवा.

शेवटची पायरी: फाईल बंद करणे

निकाल लागला, अपिलाची मुदत संपली, फी चुकती झाली. आता मूळ कागद अशिलाला परत करा, पोच घ्या, आणि फाईलवर नष्ट करण्याची तारीख लिहा. किती वर्षांनी ते फर्मच्या धोरणात आणि लागू कायद्यात असते. टकर्सच्या आदेशातला तो उरलेला मुद्दा हाच होता. चोरीला गेलेल्या गठ्ठ्यांपैकी काही फर्मने स्वतःच ठरवलेल्या सात वर्षांच्या मुदतीनंतरही जपून ठेवलेले होते. वेळेवर नष्ट केले असते तर ते चोरांच्या हाती लागलेच नसते.

नष्ट करणे म्हणजे रद्दीत देणे नव्हे. कागद बारीक कापणाऱ्या यंत्रातून काढा आणि कोणत्या क्रमांकाची फाईल कधी नष्ट झाली याची नोंद ठेवा. संगणकावरची प्रत काढताना बॅकअपमधली, मेलमधली आणि ‘डाउनलोड्स’मधली प्रतही काढा. कार्यालयातली मोठी झेरॉक्स मशीन बदलली जात असेल तर आठवण करून द्या की अशा बऱ्याच मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि काढलेल्या प्रती तिच्यात साठलेल्या असू शकतात. डिस्क पुसल्याशिवाय मशीन बाहेर जाता कामा नये.

तुम्ही स्वतः ही नोकरी सोडाल तेव्हाही हीच पायरी आहे. ‘नमुना म्हणून’ जमवलेले मसुदे, स्वतःच्या मेलवर पाठवलेल्या प्रती, फोनमधले फोटो आणि अशिलांचे नंबर फर्मच्या हवाली करा, आपल्याकडून काढून टाका आणि तसे लेखी द्या.